स्कूबा डायव्हिंगला जाताय? श्वास कोंडू नका!

पूर्वी आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की पोरे विहिरीवर जात. आता सुट्या लागल्या की सारे कुटुंबच मालवणला जाते. धामणगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरायची, कोल्हापूरला उतरून अंबाबाईचे दर्शन घ्यायचे आणि घाट उतरून तारकर्ली गाठायची, असा यवतमाळकरांचा ठरलेला बेत असतो. सिंधुदुर्ग किल्ला पाहून होतो, मासळीचे जेवण होते आणि मग बरोबरचा एखादा हौशी पुतण्या म्हणतो, "काका, इथवर आलोच आहोत तर स्कूबा करू या."

स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाणे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला याचे शिक्षण देणारी संस्थाही काढली आहे. ही हौस आता इतकी पसरली आहे की तिचे पडसाद आमच्या दवाखान्यापर्यंत येतात. काही लोक जाण्यापूर्वी प्रकृतीचा दाखला मागायला येतात, काही परत आल्यावर कान दुखतो म्हणून येतात. त्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. टाकीतला ऑक्सिजन किती वेळ पुरतो? मोठी टाकी मागावी की लहान? पोहता येत नाही, मग बुडणार तर नाही ना? आणि पोहता येणारे विचारतात, कमरेला शिसे कशाला बांधतात, आम्ही काय आपोआप बुडत नाही?

मी काही पाणबुड्या नव्हे. पण पाण्याखाली माणसाच्या कानाचे, छातीचे आणि रक्ताचे काय होते, हा आमच्या शास्त्राचा विषय आहे. टाकी आणि वजन यांचा हिशेबही शेवटी शरीराशीच येऊन भिडतो. तेव्हा आज त्याविषयी.

पहिला गैरसमज आधी काढून टाकू. स्कूबाच्या टाकीत ऑक्सिजन नसतो, हवा असते. आपण आत्ता ज्या हवेत बसलो आहोत तीच, म्हणजे 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन असलेली, गाळून, कोरडी करून दाबून भरलेली. 2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपण सर्वांनी ऑक्सिजनचे सिलिंडर जवळून पाहिले. काळे अंग आणि पांढरा खांदा असलेले ते सिलिंडर निराळे. शुद्ध ऑक्सिजन पाण्याखाली नेला तर वीस फुटांच्या खाली तोच विषासारखा वागू लागतो आणि माणसाला झटके येऊ शकतात. जी वस्तू जमिनीवर जीव वाचवते तीच तिथे घात करते.

आता ही हवा मावते कशी? आपल्या जिल्ह्यात हे समजावणे सोपे आहे. जिनिंगमधून निघालेली मोकळी रुई खोलीभर पसरलेली असते. प्रेसमध्ये तिचीच 170 किलोची आटोपशीर गाठ होते. हवेचेही तसेच करतात. नवशिक्यांना बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची जी टाकी देतात तिच्यात पाणी भरले तर जेमतेम 11 लिटर मावेल. पण कॉम्प्रेसरने 200 बार दाबाने हवा भरली की तिच्यात 2200 लिटर हवा जाते. म्हणजे दोनशे लिटरचे अकरा ड्रम भरतील इतकी. मोटारीच्या चाकातल्या हवेपेक्षा हा दाब सुमारे शंभर पट असतो. म्हणून टाकी उन्हात तापत ठेवायची नसते, आपटायची नसते आणि तिच्या तोटीशी पोरांनी खेळायचे नसते.

टाक्या मुख्यतः दोन धातूंच्या असतात, ॲल्युमिनियमच्या आणि पोलादी. पोलादी टाकी गंजू नये म्हणून तिची निगा जास्त राखावी लागते, पण पाण्यात ती शेवटपर्यंत जडच राहते. ॲल्युमिनियमची टाकी खाऱ्या हवेत बरी टिकते, मात्र तिची एक गंमत आहे. हवेलाही वजन असते, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. 2200 लिटर हवेचे वजन अडीच किलोहून थोडे जास्त भरते. त्यामुळे भरलेली ॲल्युमिनियमची टाकी समुद्रात अर्धा-पाऊण किलोने जड असते आणि हवा वापरली जाऊन ती रिकामी होत आली की तीच दीड किलोच्या आसपास हलकी होऊन वर येऊ पाहते. म्हणजे खाली जाताना नीट तोललेला माणूस परत येताना आपोआप हलका झालेला असतो. जाणते शिक्षक हा फरक धरूनच कमरेला वजन देतात.

मोठी टाकी घेतली म्हणजे जास्त वेळ राहता येईल, हा हिशेब नवशिक्याच्या बाबतीत फसतो. पाण्यात दर 33 फुटांना, म्हणजे दहा मीटरना, एका वातावरणाइतका दाब वाढतो. 33 फुटांवर दाब दुप्पट होतो, म्हणून प्रत्येक श्वासाला टाकीतली हवाही दुप्पट लागते. शांत माणूस वर मिनिटाला वीस लिटर हवा घेत असेल तर तिथे चाळीस लिटर घेईल. टाकीत 50 बार राखून वर यायचे असा नियम आहे, तेव्हा 2200 पैकी वापरायला मिळतात साधारण 1650 लिटर. चाळीसच्या हिशेबाने ती चाळीस मिनिटे पुरतील. पण घाबरलेला माणूस वरच मिनिटाला तीस लिटर ओढतो, खाली साठ. त्याची तीच टाकी सत्तावीस मिनिटांत संपते. टाकी तीच, समुद्र तोच, फरक फक्त मनाच्या घालमेलीचा. म्हणून मी विचारणाऱ्यांना सांगतो, मोठ्या टाकीचा आग्रह धरू नका. रिकामी टाकीच चौदा किलोच्या घरात असते. ती पाठीवर घेऊन डोलणाऱ्या होडीत उभे राहायचे असते. ज्यांची कंबर आधीच बोलते त्यांनी टाकी पाण्यात उतरल्यावर चढवून मागावी, यात लाज नाही. सडपातळ बायकांना आणि मुलांना लहान टाकी देतात, ती कमीपणाची नव्हे. टाकी विकत घ्यायचा विचारही नवशिक्याने करू नये. ती भाड्यानेच चांगली. भरायला कॉम्प्रेसर, तपासायला यंत्रणा, हे घरी कुठून आणणार?

मग पाहायचे काय? टाकीच्या गळ्याजवळ धातूत ठोकलेली अक्षरे असतात. त्यांत तिची पाण्याच्या दाबाची चाचणी केव्हा झाली ते महिना-वर्ष असते. ती चाचणी ठरावीक वर्षांनी करावीच लागते. अशा सिलिंडरांसाठी केंद्र सरकारचे 2016 चे नियम आहेत आणि ते पाहणाऱ्या खात्याचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तारीख विचारली तर कोणी रागावण्याचे कारण नाही. रागावलाच तर दुसरीकडे जावे. दुसरे, दाबमापकाचा काटा पाहावा. सुरुवातीला तो 200 च्या आसपास हवा. त्याच्याकडे पाहतच तोंडातल्या नळीतून तीन-चार श्वास घ्यावेत. काटा स्थिर राहिला तर ठीक. प्रत्येक श्वासाला तो खाली लवून परत वर येत असेल तर टाकीची तोटी पुरती उघडलेली नाही असे समजावे.

तिसरी गोष्ट मात्र डॉक्टर म्हणून मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हवेला वास किंवा चव नसावी. तेलाचा, धुराचा वास आला तर ती टाकी नको म्हणून सांगावे. कॉम्प्रेसर जिथून हवा ओढतो तिथेच डिझेल इंजिनाचा धूर येत असेल तर टाकीत कार्बन मोनॉक्साइड जाऊ शकतो. या वायूला स्वतःला वास नसतो, पण त्याच्या सोबतीला येणाऱ्या धुराला असतो. हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवून झोपलेले लोक सकाळी दगावलेले आढळतात, ते याच वायूने. पाण्याखाली दाबामुळे त्याचा मारा आणखी वाढतो. डोके ठणकणे, मळमळणे, गरगरणे ही त्याची लक्षणे. "पहिल्यांदा आहे, असे होतेच," असे म्हणून ती अंगावर काढू नयेत.

टाकीचे इतके पुरे. आता तरंगण्या-बुडण्याकडे वळू.

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधलेला वाचकांपैकी पुष्कळांना आठवत असेल. भोपळा आपल्याला का तरंगवतो? त्याने जितके पाणी बाजूला सारले त्याच्या वजनाइतका जोर पाणी त्याला वर लावते. यालाच शाळेच्या पुस्तकात प्लावक बल म्हणतात आणि आर्किमिडीजचे नाव त्याला जोडतात. समुद्राचे पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा शंभराला अडीच या प्रमाणात जड असते. म्हणून साहित्यासह ऐंशी लिटर जागा व्यापणारा माणूस विहिरीपेक्षा समुद्रात दोन किलोने जास्त वर लोटला जातो. त्यात अंगावर फुग्याफुग्यांच्या रबराचा पोशाख असला तर तोही तरंगतो. हे सारे मारण्यासाठी कमरेला शिशाचे तुकडे ओवलेला पट्टा बांधतात. तेव्हा "आम्ही आपोआप बुडत नाही का?" याचे उत्तर असे की, श्वास भरलेला माणूस सहसा बुडत नाही. समुद्रात तर नाहीच नाही.

शिसे किती बांधायचे? येथे नवशिके आणि उतावळे शिक्षक दोघेही एकाच दिशेला झुकतात. जरा जास्तच बांधा म्हणजे लवकर खाली जाईल! हे बरोबर नव्हे. जास्त शिसे म्हणजे ते तोलायला जाकिटात जास्त हवा, आणि जास्त हवा म्हणजे पुढचा सारा घोटाळा. पाण्याखाली घालायचे जे जाकीट असते त्यात बटण दाबून टाकीतली हवा भरता येते आणि सोडता येते. भोपळा आणि हे जाकीट यांत एक मोठा फरक आहे. भोपळ्याचे कवच कडक असते, त्याचा आकार बदलत नाही. जाकीट मात्र फुग्यासारखे. 33 फुटांवर त्यातली हवा दाबाने अर्धी होते. म्हणजे माणूस जसजसा खाली जातो तसतसा तो आणखी जड होतो आणि आणखी वेगाने खाली जातो. उलट, वर येऊ लागला की हवा फुगते, तो हलका होतो, आणखी वेगाने वर येतो, हवा आणखी फुगते. उतारावर ब्रेक सुटलेल्या बैलबंडीसारखी त्याची गत होते. आणि हा फरक सर्वांत जास्त कुठे? पहिल्या 33 फुटांत. त्यापुढे दाब वाढतो, पण त्या प्रमाणात आकार इतका बदलत नाही. म्हणजे नवशिक्यांना जिथे नेतात तो उथळ भागच तोल सांभाळायला अवघड असतो.

योग्य वजनाची ओळख सोपी आहे. जाकिटातली सगळी हवा सोडून, नेहमीसारखा श्वास छातीत धरून पाण्यात उभे सरळ राहिले की पाणी डोळ्यांच्या पातळीला यावे. श्वास सोडला की हळूहळू डोके बुडावे. डोके वर राहिले तर शिसे कमी आहे. दगडासारखे खाली गेलात तर जास्त आहे. ही पाहणी भरल्या टाकीने केली तर ती पुढे हलकी होणार म्हणून साधारण दोन किलो शिसे वर धरतात. तेवढ्यापुरते छातीत श्वास धरायला हरकत नाही, कारण तेव्हा आपण पाण्याच्या वरच असतो आणि खोली बदलत नसते.

वजन बरोबर असले की पुढचे बारीक काम जाकीट करत नाही, आपली छाती करते. एक खोल श्वास घेतला की छातीत दीडदोन लिटर हवा जास्त येते, म्हणजे दीडदोन किलोचा जोर वर लागतो. सावकाश श्वास घेतला की दोन-तीन क्षणांनी शरीर किंचित वर उचलले जाते, सावकाश सोडला की खाली टेकते. हे दोन-तीन क्षण थांबण्याचा धीर नसल्याने नवशिका हातपाय मारतो, बटणे दाबतो आणि हवा उडवतो. नुसता संथ श्वास चालू ठेवला तर निम्मे काम होते. प्राणायाम करणाऱ्यांना हे लवकर जमत असावे असे मला वाटते, फक्त त्यांनी कुंभक मात्र घरीच ठेवावा.

का, ते आता सांगतो, आणि या लेखाचे खरे कारण तेच आहे.

आपल्याकडचा विहिरीत पोहणारा गडी हा उत्तम बुडी मारणारा असतो. दोन परस पाण्यातून नाणे काढून आणणारे आजही गावोगाव आहेत. त्यांची रीत एकच, छातीभर श्वास घ्यायचा, कोंडायचा आणि बुडी मारायची. ती रीत विहिरीत बरोबर आहे. वरून घेतलेली पाच लिटर हवा खाली दाबाने लहान होते आणि वर आल्यावर पुन्हा पाच लिटरच होते. फुप्फुसाला त्यात काही धोका नाही. टाकी लावल्यावर मात्र सगळे उलटते. 1943 साली फ्रान्सच्या कूस्तो आणि गान्यान या दोघांनी जी युक्ती काढली तिचा गाभाच असा, की ज्या खोलीवर माणूस आहे तिथल्या दाबाची हवा त्याला मिळावी. म्हणजे 33 फुटांवर घेतलेला श्वास हा दुप्पट दाबाचा असतो. तिथे छातीत पाच लिटर हवा घेतली, ती कोंडली आणि तसेच वर आलो तर वरच्या दाबाला तिचे दहा लिटर व्हायला पाहतात. छातीत दहा लिटरला जागा नाही. वायुकोश फाटतात. हवा फुप्फुसाभोवती शिरते, मानेत कातडीखाली शिरते, आणि वाईट म्हणजे रक्तात शिरून मेंदूकडे जाते. याला एअर एम्बोलिझम म्हणतात. वर आल्यावर काही मिनिटांतच माणूस बेशुद्ध पडू शकतो, अर्धे अंग लुळे पडू शकते, जीवही जाऊ शकतो.

आणि यासाठी 33 फूट लागत नाहीत. श्वास पूर्ण भरून कोंडला असेल तर चार-पाच फुटांवरून वर येणेही पुरते. म्हणून "आम्ही काय, वीस फूटच जाणार" या वाक्यात दिलासा मानण्यासारखे काही नाही. टाकी लावून पाण्याखाली असताना श्वास कधीही कोंडायचा नाही, हा या विद्येचा पहिला नियम आहे. घाबरलो, नाकात पाणी गेले, नळी तोंडातून निसटली, तरी तोंडातून हळूहळू बुडबुडे सोडत राहायचे. पोहता न येणारा माणूस शिक्षकाचे ऐकतो आणि श्वास घेत राहतो. धोका जास्त आहे तो ज्याला लहानपणापासून बुडी मारायची सवय आहे त्याला, कारण दचकला की त्याची छाती आपोआप कुलूप लावते. अशा मंडळींनी आधी छातीभर पाण्यात दहा मिनिटे फक्त श्वास घेण्याचा आणि सोडण्याचा सराव करावा.

हे सारे मला एका तरुणाला समजावून सांगावे लागले. मित्रांबरोबर मालवणला निघाला होता आणि दाखल्यावर सही हवी होती. तपासताना उजव्या बाजूला वर आवाज कमी वाटला. विचारल्यावर म्हणाला, काही वर्षांपूर्वी टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला. एक्स-रे काढला. टीबी बरा झालेला होता, पण वरच्या भागात जुना खड्डा आणि त्याभोवती आक्रसलेले फुप्फुस दिसत होते. मी सही करत नाही म्हटल्यावर तो नाराज झाला.

"डॉक्टरसाहेब, वीस फूटच तर जायचं आहे. आमच्या विहिरीत त्याच्यापेक्षा जास्त पाणी राहते. तिथं तर मी रोज बुडी मारत होतो."

"विहिरीत तुम्ही वरची हवा घेऊन खाली जात होता. इथे खालची हवा घेऊन वर येणार," मी म्हणालो. "त्या खड्ड्याला हवा आत घ्यायचा रस्ता आहे, बाहेर सोडायचा रस्ता अरुंद आहे. तुम्ही श्वास कोंडला नाही तरी तो कोंडेल."

तो काही वेळ एक्स-रेकडे पाहत राहिला. मग मी त्याला पर्याय सांगितला. पाण्यावर उताणे नव्हे, पालथे तरंगत, काचेचा चष्मा आणि वर काढलेली लहान नळी लावून खाली पाहता येते, त्याला स्नॉर्केलिंग म्हणतात. त्यात श्वास वरच्या हवेचा असतो, दाबाचा प्रश्न येत नाही. पाणी स्वच्छ असेल तर मासे तेवढेच दिसतात. लाइफ जॅकेट घालून तो तेच करून आला.

आपल्या भागात टीबी होऊन गेलेले लोक थोडे नाहीत आणि बरे झाल्यावर तो विसरण्याकडेच सर्वांचा कल असतो. म्हणून हे मुद्दाम लिहिले. तीच गोष्ट सिकलसेलची. विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे. सिकलसेलचा आजार असलेल्यांनी टाकी लावून पाण्याखाली जाऊ नये. थंडी, थकवा, पाणी कमी पडणे यांनी त्यांना वेदनांचा झटका येतो, तो समुद्रात आला तर काय करणार? नुसते वाहक असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. दमा, फिट, पूर्वी फुप्फुस फाटून छातीत हवा शिरलेली असणे, कानाच्या पडद्याला भोक, हृदयविकार, गरोदरपण, यांतले काही असेल तर जाऊ नये. इन्शुलिन घेणाऱ्यांनी आणि चाळिशीपुढच्या रक्तदाबवाल्यांनी विचारल्याशिवाय जाऊ नये. किनाऱ्यावर एक छापील प्रश्नावली भरायला देतात. रांगेत उभे असताना सगळ्यांपुढे "नाही, नाही, नाही" अशा खुणा करून मोकळे होणारे लोक मी ऐकून आहे. त्या कागदावर फसतो तो आपणच.

कानाबद्दल थोडे. खाली जाताना कान दडतात. दर तीन फुटांना, दुखायच्या आधी, नाक चिमटीत धरून बंद तोंडाने हलकेच फुंकावे, की कान मोकळे होतात. जोर लावू नये. होत नसेल तर दोन फूट वर यावे आणि पुन्हा पाहावे; तरीही होत नसेल तर त्या दिवशी परत फिरावे. सर्दी असताना जाऊच नये, आणि सर्दीची गोळी घेऊन तर नाहीच, कारण तिचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना कान कोंडतो. कान दुखतो हे शिक्षकाला कानाकडे बोट दाखवून आणि पंजा हलवून सांगायचे असते. एक खूण मात्र घरूनच पाठ करून जा. सगळे ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ करतात. आपण सवयीने अंगठा वर दाखवतो, त्याचा अर्थ तिथे "मला वर न्या" असा होतो. फोटोसाठी अंगठा दाखवून वर आलेले आणि पैसे फुकट गेले म्हणून भांडणारे लोक असतात!

मालवणला पर्यटकांना नेतात तेव्हा शिक्षक मागून टाकी धरून असतो आणि तोल तोच सांभाळतो. एका शिक्षकामागे एकच नवशिका हवा, हे आधी विचारून घ्यावे. स्वतः तोल सांभाळायला शिकायचे असेल तर तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम असतो. त्याला दोनशे मीटर पोहता आणि दहा मिनिटे तरंगता यावे लागते आणि तो झाल्यावर 18 मीटरपर्यंत जाता येते. होडीतही लाइफ जॅकेट काढून बसू नये. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघे दगावले. पाण्याखाली न होता पाण्यावर झालेला तो अपघात होता.

परतीचा प्रवास राहिला. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात मुरतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. त्याला वेळ न देता उंचावर गेलो तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे होऊ शकतात. उथळ पाण्यात अर्धा तास गेलेल्याला हा धोका फार थोडा. तरी विमानाने परतणाऱ्यांनी एका बुडीनंतर बारा तास, आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास थांबावे. आंबोलीचा घाटही सव्वादोन हजार फूट उंच आहे. सकाळी स्कूबा करून दुपारीच गाडी घाटावर काढण्यापेक्षा ती रात्र मालवणलाच काढावी, जेवण तिथले चांगले असते.

वर आल्यावर लगेच छातीत दुखले, धाप लागली, थुंकीत रक्त आले, बोलणे अडखळले किंवा एक बाजू जड झाली तर माणसाला उठवून बसवू नये. आडवे ठेवून ऑक्सिजन लावावा आणि 108 ला फोन करावा. काही तासांनी, अगदी घरी पोचल्यावरही, सांधे दुखू लागले, अंगाला मुंग्या आल्या, चालताना तोल जाऊ लागला तर प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नये. आमच्या भागातल्या डॉक्टरला हातापायाच्या मुंग्या पाहून समुद्राची आठवण होणार नाही; तो साखर तपासेल, बी-बारा लिहून देईल. म्हणून स्वतःहून सांगा की टाकी लावून पाण्यात गेलो होतो. आणि एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून आणा : किती वाजता वर आलात, किती फूट खोल होतात आणि किती मिनिटे होतात.